दुसऱ्या ओढ्यापलीकडची वाट

१

यसवती रोज सकाळी साडेसहाला सिंहराजच्या जंगलाच्या फाटकाशी हजर असायची. एकवीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. तिकिटाच्या खिडकीत पियदास मामा दाढेत माडाच्या गुळाचा खडा धरून काळा चहा पीत बसलेले असत. तिच्यासाठी एक पेला झाकून ठेवलेला असे. तो संपेपर्यंत जंगलावरचं धुकं विरायला लागायचं, आणि ज्या कोणाला त्या दिवशी जंगल दाखवायचं असेल ती मंडळी कुठल्यातरी गाडीतून अंग मोडत उतरायची.

"आज कोण?" तिने विचारलं.

"कोलंबोचं म्हातारं जोडपं. नवरा साधा आहे. बाई कुरकुरी, आधीच सांगून ठेवतो. मघाशी मला विचारत होती, आत जळवा किती असतात?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, मोजल्या नाहीत कधी."

अमरतुंग सर बाहत्तर वर्षांचे होते. सरकारी नकाशा कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी याच डोंगरांच्या चढउतारांच्या रेघा काढल्या होत्या, कागदावर. प्रत्यक्षात इथे पाऊल कधी टाकलं नव्हतं. आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं, आणि ती नळीही महिन्यागणिक अरुंद होत चालली होती.

"एक लाल तोंडाचा मलकोहा बघायचाय," ते यसवतीला म्हणाले. "तेवढा दिसला की पुढे अंधार झाला तरी माझी तक्रार नाही."

"झाली सुरुवात," त्यांच्या बायको इरांगनी बाई म्हणाल्या. गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे चढवून त्या त्यांवर ओला साबण घासत होत्या. "यांना पक्षी बघायचाय आणि रक्त माझं जाणार. अगं यसवती, मीठ आहे ना तुझ्याकडे?"

"आहे मॅडम. लिंबूही आहे."

"मग मला सरळ लोणच्यात घाल की!"

यसवती हसली. तिला ही बाई आवडली.

२

रात्री पाऊस पडून गेला होता. होरा झाडांच्या उंच खोडांवरून पाणी अजून झिरपत होतं. वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट होऊन वाटेवर पडला होता, आणि त्या उजेडात कोळ्यांची जाळी ओल्या सुतासारखी चमकत होती. पहिल्या ओढ्याशी सर दहा मिनिटं उभे राहिले. पाण्यात इवले मासे होते, तांबड्या शेपट्यांचे. ते मान हळूहळू वळवत, एकेक मासा नळीत पकडून बघत होते.

"कागदावर हा ओढा मी निळ्या शाईने काढलाय," ते म्हणाले. "हा तर चहाच्या रंगाचा आहे!"

"पानं कुजतात ना, त्यांचा रंग," यसवती म्हणाली. ही वाट दाखवताना ती असंच बोलायची, हळू आवाजात, थोडं थांबत. हे झाड कशाला लागतं, हा बेडूक कुठे अंडी घालतो, इथे पाय कसा ठेवायचा. एकवीस वर्षं बोलूनही तिला त्याचा कंटाळा आला नव्हता.

दुसरा ओढा ओलांडला की वाट डावीकडच्या दरीच्या कडेने जाते. दरीच्या बाजूला वेताची दाट जाळी आहे. जळवांचा खरा मुलूख तोच. माणसाची चाहूल लागली की त्या पानाच्या टोकावर शेपटावर उभ्या राहतात आणि येणाऱ्याच्या दिशेने अंग ताणून डुलतात. त्यांना डोळे जेमतेम असतात. ऊब कळते, श्वास कळतो, जमिनीचा थरथराट कळतो.

त्या दिवशीही त्या उभ्या होत्या. शेकड्यांनी. पण यसवतीकडे त्यांनी पाठ केली होती.

ती थबकली. पुन्हा नीट पाहिलं. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या पानांवरची एकूण एक जळू डावीकडे, वेताच्या जाळीकडे ताणलेली होती. तीन उबदार माणसं हातभर अंतरावर उभी असताना त्यांच्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं.

जाळीत काहीच नव्हतं. दोन वेतांच्या मधे माणूसभर रुंदीची फट, आणि तिच्यामागे अंधूक हिरवं.

रानडुक्कर गेलं असेल आत्ताच, यसवतीने मनाशी म्हटलं. नाहीतर पिसोरी हरणी बसली असेल दबून. पण डुकराचा उग्र वास राहतो. आणि पिसोरी ती केवढी, मांजराएवढी. तिच्यासाठी जळवा अशा गुडघ्याच्या वर, छातीच्या उंचीकडे ताणून उभ्या राहतील?

"काय गं, काय झालं?" इरांगनी बाईंनी विचारलं.

"काही नाही मॅडम. आज जळवांचा उपास दिसतोय."

"देव पावला!"

ते पुढे निघाले. वीस पावलांवर यसवतीने पुन्हा पानं पाहिली. इथल्या जळवाही डावीकडेच ताणलेल्या होत्या. जे काही होतं ते त्यांच्या बरोबरीने चालत होतं.

३

पडक्या चौथऱ्यावर त्यांनी डबा उघडला. ओल्या नारळाची रोटी आणि कांदा-मिरचीचा ठेचा. इरांगनी बाईंनी दोन घास खाल्ले न खाल्ले तोच त्यांना समोरच्या खोडावर नाकावर शिंग असलेला सरडा दिसला. एवढासा, मानेशी निळसर.

"अहो, इकडे या ना! हे बघा तरी!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, आणि रोटीचा कण घशात जाऊन दोनदा खोकल्या.

सर आले. सरडा नळीत सापडायला वेळ लागला, तोवर बाईंनी त्यांची हनुवटी धरून मान योग्य तिथे वळवली. दोघं कितीतरी वेळ त्या सरड्याकडे बघत राहिली. सकाळी साबण घासत कुरकुरणारी बाई ती हीच का, असं यसवतीला वाटलं. हे जंगल करतंच असं. माणूस तक्रार घेऊन येतो आणि तासाभरात ती कुठे ठेवली तेच विसरतो.

मग थवा आला.

आधी सातभाईंचा कलकलाट, मग कोतवालाची शीळ. पाठोपाठ सगळं रान हललं. तपकिरी, पिवळे, राखी, काळे, शंभरेक पक्षी एका दमात फांद्याफांद्यांतून वाहत आले. कोणी साल उलटत होता, कोणी हवेतल्या हवेत किडा टिपत होता. निळ्याभोर अंगाची, लाल चोचीची जोडी इतकी जवळून गेली की पंखांचा वारा गालाला लागला. आणि सगळ्यात शेवटी, घाई नसल्यासारखा, लांब शेपटीचा, पांढऱ्या पोटाचा तो आला आणि समोरच्या वेलीवर बसला. शेंदूर फासल्यासारखं लाल तोंड.

"सर," यसवती कुजबुजली, "सरळ समोर. वेलीच्या वळणावर."

सरांनी दुर्बीण लावली. दुर्बिणीखालून पाणी ओघळून त्यांच्या मिशीत उतरलं.

यसवतीला अशा वेळी पाहुण्यांचे चेहरे बघायला आवडत. पण आज तिची नजर थव्यावर होती. वाहतं पाणी दगडाशी दुभंगतं आणि पुढे जाऊन मिळतं, तसा थवा चौथऱ्याच्या डाव्या हाताला दुभंगत होता. तिथे दगड नव्हता, झाड नव्हतं, काही नव्हतं. पक्षी मात्र एका ठरावीक जागेला वळसा घालून जात होते. एकही त्या जागेतून गेला नाही. घाबरून ओरडलाही नाही कोणी. तिथे कोणीतरी आहे याची त्यांना सवय असावी.

४

तरुणपणी यसवतीकडे एक छोटा टेपरेकॉर्डर होता. मलकोह्याची हाक त्यात भरलेली. पाहुण्यांना पक्षी दिसेना झाला की ती झुडपात यंत्र लपवून हाक लावायची. पक्षी हमखास यायचा. आपल्याच जातीचा आवाज, येणार नाही तर काय करेल? पाहुणे खूश व्हायचे. एका जोडीतला नर तीन दिवस तसा येत राहिला. चौथ्या दिवशी तिला त्यांचं घरटं सापडलं, आत अंडी गार पडलेली. तिने यंत्र ओढ्यात टाकलं. पक्ष्याचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधीच नव्हतं. तिला तो फक्त जवळून बघायचा होता.

हे तिला नेमकं आता का आठवावं, ते कळेना.

डाव्या बाजूला पूर्ण शांतता होती. जाणूनबुजून राखलेली शांतता तिच्या ओळखीची होती. पाऊल टाकण्याआधी पान चाचपणं, श्वास नाकातून हळू सोडणं, वाऱ्याची दिशा धरून उभं राहणं. तिनेच हे शेकडो लोकांना शिकवलं होतं. तिथे जे होतं ते शिकारीला टपलेलं वाटत नव्हतं. ते रस घेऊन बघत होतं. सर पाणी पुसताना, बाई डब्याचं झाकण लावताना, ती स्वतः मान वळवताना.

"चला, निघू या," ती म्हणाली. "आज इथूनच मागे फिरू."

"एवढ्यात?" इरांगनी बाई म्हणाल्या. "पुढे मोठं झाड आहे म्हणालीस ना?"

"पाऊस येईल मॅडम."

बाईंनी वर बघितलं. पानांच्या फटीतून दिसणारं आभाळ स्वच्छ निळं होतं. पण यसवतीचा चेहरा बघून त्यांनी डबा पिशवीत टाकला.

५

परतताना वेताच्या जाळीपाशी बाई थांबल्या. मोज्याच्या आत एक जळू गेली होती. यसवती वाकून मीठ लावू लागली. सर दुर्बीण डोळ्याला लावून पंधरा-वीस पावलं पुढे गेले होते, वाटेच्या वळणावर.

"अहो, इकडे या ना! हे बघा तरी!"

आवाज जाळीतून आला. खालून, दरीच्या बाजूने. पाठोपाठ दोनदा खोकला.

यसवतीचा हात थांबला. तिने मान वर केली. इरांगनी बाई तिच्या पुढ्यात उभ्या होत्या, तोंड मिटलेलं, डोळे विस्फारलेले.

कोतवाल नकला करतो, यसवतीच्या मनात आलं. मांजराची करतो, घारीची करतो. पण कोतवालाला एक आवाज उचलायला दिवस लागतात, आणि घशात अडकलेल्या रोटीच्या कणाची नक्कल तो कशाला करेल?

"आलो गं, आलो," सर म्हणाले, आणि वाट सोडून जाळीत शिरले.

"सर!" यसवती धावली. "सर, थांबा! मॅडम इथे आहेत!"

"अहो!" बाई ओरडल्या. "अहो, मी इकडे आहे! वर आहे मी!"

सर थांबले. वेतातून त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. त्यांच्यापुढे सात-आठ पावलांवर शेवाळलेला उतार होता, आणि उतार संपला की खाली ओढ्याचा आवाज.

"अहो, इकडे या ना!" खालून हाक आली. तोच लाड, तोच खोकला.

"मी इकडे आहे!" बाई किंचाळल्या.

एक क्षण गेला. मग खालूनही आलं, "मी इकडे आहे!" तस्संच, किंचाळून.

टोपी वर वळली, खाली वळली. नळीएवढ्या नजरेला चहूकडे पानंच पानं. "इरा, नक्की कुठे आहेस तू? थट्टा नको करूस गं," सर म्हणाले. मग त्यांनी एक पाऊल खाली टाकलं.

यसवती जाळीत शिरत होती. काटे ओढणीत, केसांत अडकत होते. ती वेळेत पोचणार नव्हती. तिने मागे वळून ओरडून सांगितलं, "मॅडम, नवीन काहीतरी बोला! सकाळपासून इथे न बोललेलं! कुणालाच न सांगितलेलं, पण त्यांना कळेल असं! पटकन!"

बाईंनी दोन्ही हात छातीशी धरले. एवढ्या वर्षांच्या संसारातून काय निवडावं? आणि मग त्या सगळा श्वास एकवटून ओरडल्या,

"तुमच्या आई गेल्या ना, तेव्हा मला रडू आलंच नव्हतं! कांदा लावला होता मी डोळ्यांना!"

या वेळी खालून काही आलं नाही.

पांढरी टोपी हळूहळू वर वळली.

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "हाताला वास येत होता तुझ्या."

आणि ते बायकोच्या दिशेने चढू लागले.

६

यसवतीने त्यांचा दंड धरला तेव्हा ती दरीच्या तोंडाशी होती. सर वळून वर गेले, आणि ते जिथे उभे होते तिथून पुढचं तिला दिसलं.

उताराच्या कडेला, जमिनीपासून हातभर वर, हवेत एक जळू डुलत होती. तिच्यावर आणखी एक. मग तिच्या लक्षात आलं की त्या पुष्कळ आहेत, आणि खाली पान नाही, फांदी नाही. रक्त पिऊन टचटचीत फुगलेल्या जळवा, वरवर चढत गेलेल्या. मांडीच्या उंचीवर दाट, छातीशी विरळ, आणि त्याहून वर, तिच्या डोक्याच्याही वर, खांद्याचा एक उतार. तिथून तिरकी गेलेली मान.

ती मान कलली. दुर्मिळ पक्षी नीट दिसावा म्हणून माणूस मान कलती करतो, तशी.

यसवतीने पुन्हा पाहिलं नाही. सरांना पुढे घालून ती वाटेवर आली. ओठांवर बोट ठेवून तिने दोघांनाही गप्प केलं. सरांचा एक हात बाईंच्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला, आणि तिघं एका रांगेत उतरू लागली.

दुसऱ्या ओढ्याशी मागून आवाज आला. अगदी हळू. नवी वस्तू हातात फिरवून बघावी तसा.

"कांदा," ते इरांगनी बाईंच्या आवाजात म्हणालं. मग थांबून, "कांदा लावला होता."

७

फाटकाशी उन्हात आल्यावर सरांना सगळं हसण्यावारी न्यावंसं वाटलं. दरीत आवाज घुमतो, ते म्हणाले, नकाशावरूनच सांगितलं असतं मी. निघताना बाईंनी यसवतीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"यांनी पक्षी बघितला," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एवढं सुंदर मी काही बघितलं नव्हतं. आणि पुन्हा कधी इथे येणार नाही. दोन्ही खरं आहे."

गाडी गेली. यसवती पियदास मामांच्या खिडकीशी आली.

"मामा, दुसऱ्या ओढ्यापलीकडची वाट बंद करा. झाड पडलंय."

"केवढं?"

"मोठं."

मामांनी तिच्याकडे नीट बघितलं. एकवीस वर्षांत तिला खोटं बोलता येत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. "गुणपालला पाठवून बघून घेतो," एवढंच म्हणाले. ती नको नको म्हणेपर्यंत रखवालदार गुणपाल कोयता घेऊन निघालाही. ती त्याच्यामागे धावली नाही. त्या वाटेवर पुन्हा जायची हिंमत नव्हती. खिडकीखालच्या बाकावर बसून तिने एकामागून एक तीन पेले चहा घेतला.

दीड तासाने गुणपाल परत आला. एक पाय अनवाणी, पोटरीवरून रक्ताचे ओघळ, आणि तोंडभर हसू.

"अक्का, काय जागा दाखवलीत हो आज!" तो म्हणाला. "झाडबीड काही पडलेलं नाही. पण त्या वेतांच्या आत, खाली! आठ वर्षं मी इथे नोकरी करतो, कधी शिरलो नव्हतो. फुलं काय, पक्षी काय! तुम्ही सांगत होतात तसतसं बघत गेलो. अजून थोडं आत, अजून थोडं, म्हणत होतात ना? चपलेचा पट्टा तुटला म्हणून फिरलो, नाहीतर आलोच होतो तुमच्यापर्यंत." मग त्याने बाकाकडे, तिच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. "पण तुम्ही माझ्या आधी इथे कशा पोचलात?"

पियदास मामांच्या दाढेतला गूळ कडकन फुटला.

"ती कुठेच गेली नव्हती," ते म्हणाले.

८

यसवती हिशेब लावत बसली. इरांगनी बाईंच्या आवाजाची दरीतल्या त्याला एक सकाळ मिळाली होती. तिच्या आवाजाची एकवीस वर्षं मिळाली होती. झाडांची नावं, बेडकांची अंडी, पाण्याचा रंग, रोज, तिच्या सगळ्यात गोड आवाजात. इतकं मन लावून तिचं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही. हे मनात आलं आणि तिला भीती वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं. त्याचीच तिला पुढे जास्त भीती वाटली.

तेवढ्यात फाटकाशी एक व्हॅन थांबली. गॉलहून आलेल्या चार बायका, नवे कोरे बूट, गळ्यात दुर्बिणी. एकीने लांबूनच विचारलं, "यसवतीअक्का कोण? आम्हाला त्यांच्याबरोबरच जायचंय. जंगलाबद्दल फार सुंदर बोलतात म्हणे."

यसवती उठली. तोंड उघडणार, एवढ्यात फाटकापलीकडून, जिथे वाट झाडांत शिरते तिथून, जेमतेम तीस पावलांवरून आवाज आला. मऊ, जरा थांबत थांबत बोलणारा.

"या, इकडून या. पाय जरा जपून टाका."

चारही बायकांचे चेहरे उजळले. सगळ्यात पुढची निघालीसुद्धा, फाटक ओलांडून, झपझप.

हाक मारून उपयोग नव्हता. त्या बायकांनी तिचा आवाज आजवर ऐकलाच नव्हता. कोणता खरा हे त्यांना कसं कळणार? यसवतीने ओठ घट्ट मिटले, पेला टाकला आणि धावली. सावली सुरू होते त्या रेघेवर तिने त्या बाईचा हात पकडला, दोन्ही हातांनी, दुखेल इतका घट्ट.

"अगंबाई!" ती बाई दचकून म्हणाली. "तुम्ही कोण?"

यसवतीने मान हलवली. आणखी एकही शब्द तिला त्या झाडांना ऐकवायचा नव्हता. तो हात तिने सोडला नाही.